केरबा सरांची हजेरी

एका गावात एक भोळा प्राध्यापक होता. प्राध्यापक आणि भोळा, हे दोन्ही एका माणसात कसं बसतं, असं विचारू नका. बसलं होतं. त्याचं नाव केरबा सातपुते.

गावाबाहेरच्या माळावर कॉलेज होतं. तिथं केरबा 'माती आणि खत' नावाचा विद्यापीठाचा कोर्स शिकवायचा. शिकवायचा अगदी मन लावून, पण ऐकायचं कुणी नाही. तो बोलायला लागला की पुढच्या बाकावरची पोरं पेंगायची आणि मागच्या बाकावरची घोरायची. नोकरी तासिका तत्त्वावरची. म्हणजे तास घेतला तर पगार, नाही घेतला तर रामराम.

आणि केरबाचा जीव होता मामाच्या सुगंधावर. सुगंधाचाही त्याच्यावर होता. का होता, ते तिचं तिलाच माहीत. पण तिचा बाप, म्हणजे वखारवाले बाबूमामा, अडून बसलेले.

"केरबा, लेका, कायम झालास की पोरगी तुझी," मामा म्हणायचे. "तासावारी माणसाला मी म्हस देणार न्हाई, पोरगी कुठली देतोय?"

आता कायम व्हायचं, तर विद्यापीठाच्या समितीनं कोर्स पास करायला हवा. त्यात त्या साली विद्यापीठानं फर्मान काढलं. कोर्स रंजक हवा आणि तो दोन्हीकडे चालायला हवा. एक दिवस पोरं वर्गात, एक दिवस पोरं आपापल्या घरी फोनवर. हे कसं जमवायचं ते शिकायला प्राचार्य तवनाप्पा चौगुले शिबिराला जाऊन आले. तिथं जेवण चांगलं होतं, एवढं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. बाकीचं ते केरबाला लागेल तसं सांगणार होते.

केरबाचा एक गुण होता. सांगितलेलं तो विसरायचा नाही. आणि एक अवगुण होता. सांगितलेलं तो विसरायचा नाही.

पहिला तास ऑनलाईन झाला. एकाच्या घरात मिक्सर चालू, एकाच्या गोठ्यात रेडकू हंबरतंय, आणि एकीची आजी शेजारणीशी भांडतेय. केरबानं थोडा वेळ माती शिकवली. मग आजीचं भांडण रंगात आलं, तसा तोही गप्प बसून ऐकत राहिला. तास संपला तेव्हा कुणालाही माती कळली नव्हती, पण बांध कुणी कोरला ते सगळ्यांना कळलं होतं.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. "अहो सातपुते सर, तास सुरू झाला की आधी सगळ्यांचे आवाज बंद करायचे. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा. तुम्ही परवानगी दिली की त्या एकाचाच आवाज सुरू."

"हे आधी सांगायचं नाही का, सर?"

"आता सांगितलं ना? लक्षात राहील?"

"राहील."

राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात होती. केरबा येताना बाजारातून मांजरपाट घेऊन आला. टराटरा फाडून त्याच्या पट्ट्या केल्या आणि एकेकाचं तोंड बांधून टाकलं. पोरांना वाटलं, काहीतरी नवीन खेळ आहे. शिबिरातनं आला असेल. बांधून घेतलं बिचाऱ्यांनी.

मग केरबानं प्रश्न विचारला. "शेतकऱ्याचा मित्र कोण?"

त्याला उत्तर हवं होतं गांडूळ. पण नेमकी त्याच वेळी खिडकीतून एक लांबलचक धामण आत उतरली आणि बाकांखालून पुढं निघाली. बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर. काहींचे दोन्ही हात वर. काही तर बाकावर उभे राहून हात वर करत होते.

केरबाला गहिवरून आलं. आजवर त्याच्या तासाला कुणी जांभईसाठीसुद्धा हात वर केला नव्हता.

त्यानं पहिल्या बाकावरच्या पद्मजाची पट्टी सोडली.

"सर, साप!"

"बरोबर. साप उंदीर खातो, म्हणून तोही मित्रच. पण मला दुसरा हवाय. बस." पट्टी परत बांधली. शेजारच्या पोराची सोडली.

"सर, साप!"

"तिचं ऐकून सांगू नकोस. स्वतःचं डोकं चालव." बांधली. मागच्याची सोडली.

"सर, तुमच्या पायाशी साप!"

"कुठं राहतो ते विचारलेलं नाही," केरबा म्हणाला आणि मग त्यानं खाली बघितलं.

तो टेबलावर कसा पोचला ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. पण ओरडला मात्र नाही. टेबलावर उभं राहून त्यानं आधी हात वर केला.

धामण आपल्या वाटेनं निघून गेली. प्राचार्य मात्र आले.

"अहो, समोर पोरं असताना तोंडं कसली बांधता? समोरच्या पोरांच्या जवळ जायचं असतं. त्यांच्यातून फिरायचं. डोळ्यांत डोळे घालून बोलायचं. पाठीवर थाप मारायची. मग पोरगं जागं राहतं."

"हे आधी सांगायचं नाही का, सर?"

"आता सांगितलं ना? लक्षात राहील?"

"राहील."

राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरं फोनवर होती. केरबानं लॅपटॉप उघडला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. घरोघरी फोनवर एक भलामोठा डोळा उघडझाप करायला लागला. पद्मजाचं धाकटं भावंड घाबरून आईच्या पदराखाली शिरलं. डोळ्यांत डोळे घालून झाल्यावर केरबा उठला, लॅपटॉप तसाच चालू ठेवला आणि लुनाला किक मारली. पोरांच्या जवळ जायचं होतं ना.

बाळू केसरेच्या वस्तीवर रेंज यायची ती फक्त चिंचेच्या शेंड्यावर. बाळू बिचारा फांदीवर बसून, फोन डोळ्यांपुढं धरून, सरांची रिकामी खुर्ची बघत होता. एवढ्यात खालून फांद्या हलल्या. वानर असेल म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. केरबा धापा टाकत वर पोचला, मागच्या फांदीवर बूड टेकलं आणि मायेनं म्हणाला, "शाब्बास बाळू." आणि पाठीवर थाप मारली.

बाळू खाली गेला. फोनही गेला. खाली शेणखताचा उकिरडा होता म्हणून बरं. बाळू कमरेपर्यंत रुतला, पण हाडं जागच्या जागी राहिली.

"बाळू!" वरून केरबा ओरडला. "खत कुजलेलं आहे की कच्चं?"

"कच्चं हाय, सर!" बाळू खालून रडत म्हणाला.

"बरोबर!" केरबा म्हणाला. त्या दिवसापुरता तरी अभ्यासक्रम पुढं सरकला होता.

संध्याकाळी प्राचार्य डोकं धरून बसलेले. "सातपुते सर, तुम्ही इकडं चिंचेवर. तिकडं तुमच्या ऑनलाईन वर्गात कुणीतरी परका माणूस घुसला आणि बोअर मारून मिळेल म्हणून तासभर जाहिरात करून गेला. दोघांच्या बापांनी बोअर सांगितलीसुद्धा!"

"मग काय करायचं असतं, सर?"

"पोरं ऑनलाईन असली की गट पाडायचे. प्रत्येक गटाला वेगळी खोली द्यायची. काम नेमून द्यायचं आणि आपण मध्ये पडायचं नाही. अधूनमधून नुसतं डोकवायचं. आणि परका माणूस आला तर तो दाराबाहेर थांबवायचा. कळलं?"

"हे आधी सांगायचं नाही का, सर?"

प्राचार्यांनी कपाळावर हात मारला. "उद्या समिती येतेय हो. लक्षात राहील ना?"

"राहील."

राहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात होती. केरबानं त्यांचे गट पाडले. एक गट प्रयोगशाळेत पाठवला, एक ग्रंथालयात, एक कॅन्टीनच्या भटारखान्यात. खोल्या संपल्या तेव्हा शेवटचा गट प्राचार्यांच्या केबिनमध्ये. प्रत्येक गटाला एकेक बुट्टी माती दिली आणि सांगितलं, ही कुठल्या शिवारातली ते ओळखा. प्राचार्य तेव्हा हारतुरे घेऊन एसटी स्टँडवर समितीची वाट बघत होते. समिती आली मोटारीनं, थेट कॉलेजच्या गेटवर.

समितीत तिघं होते. पुढं डॉक्टर हळदणकर बाई. गेटवर केरबा उभा.

"कोण आपण?"

"विद्यापीठाची समिती."

केरबानं तिघांना निरखून बघितलं. "तुम्हाला मी ओळखत नाही. थांबा बाहेर," असं म्हणून त्यानं गेटला कडी लावली आणि डोकवायला निघून गेला.

उन्हात उभं राहून राहून समितीच्या टाळूला चटके बसायला लागले. शेवटी तिघं मागच्या पडक्या भिंतीवरून आत उतरले. हळदणकर बाईंची साडी काटेरी तारेत अडकली ती वेगळीच.

आत आल्या तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये मोठमोठ्यानं भांडण चालू. टेबलावर मातीचा ढीग. बाळू केसरे माती जिभेला लावून म्हणत होता, "खारट हाय, नदीकाठचीच हाय!" आणि पद्मजा त्याच्या हातावर चापट मारून म्हणत होती, "तुझ्या घामानं खारट लागतीय ती!" भटारखान्यात तर कॅन्टीनवालाही वादात पडला होता आणि चहा उतू जात होता.

"तुमचे सर कुठं आहेत?" हळदणकर बाईंनी विचारलं.

"म्हाईत न्हाई."

"मग शिकवतं कोण?"

"कोण न्हाई. आमचं आमीच भांडतोय मगापासनं."

तेवढ्यात खिडकीत केरबाचं डोकं आलं. पोरांकडं बघून हसलं आणि गेलं.

हळदणकर बाई मटकन खुर्चीत बसल्या. नोकरीला लागल्यापासून त्यांनी शेकडो वर्ग तपासले होते, पण दुपारच्या वेळी जागी असलेली पोरं त्या पहिल्यांदाच बघत होत्या. हारतुरे घेऊन प्राचार्य धावत आले, तेव्हा निकाल लागला होता. शिक्षक कुठं दिसत नाही, मध्ये बोलत नाही, आणि वर्गात व्यत्यय नको म्हणून समितीलासुद्धा गेटवर अडवतो. असा माणूस अख्ख्या विद्यापीठात नाही. कोर्स पास झाला आणि केरबा कायम.

प्राचार्यांना खूप काही सांगायचं होतं. पण त्यांच्या खुर्चीतसुद्धा माती होती. ते आधी ती झटकायला लागले.

बाबूमामा शब्दाला जागले. लगोलग रविवारचा मुहूर्त धरला. वर दमही भरला. "मुहूर्त चुकवलास तर याद राख, केरबा. तहसीलचा कारकून अजून बिनलग्नाचा हाय. त्याच मांडवात उभा करीन त्याला."

सुगंधा त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "तू नुसता वेळेवर ये रे बाबा. बाकी मी बघते."

केरबा रजा मागायला गेला, तेव्हा प्राचार्यही खुशीत होते. "आता कायम झालात सर. आता उगाच घसाफोड करायची नाही. जे महत्त्वाचं असेल ते आधी रेकॉर्ड करायचं आणि सगळ्यांना पाठवून द्यायचं. लोक आपापल्या सवडीनं बघतील. आपण वर्गात निवांत बसायचं. कुणाला शंका आली तर तेवढी सोडवायची."

"हे आधी सांगायचं नाही का, सर?"

"आता सांगितलं ना? लक्षात राहील?"

"राहील," केरबा म्हणाला. आणि अरेरे, राहिलं.

रविवारी मांडव भरला. वाजंत्री वाजू लागली. भटजींनी अंतरपाट धरायला लावला. अंतरपाटाच्या अलीकडं हार घेऊन सुगंधा उभी. पलीकडं कुणीच नाही. शोधाशोध झाली. तहसीलचा कारकून पहिल्याच रांगेत बसला होता, तो सदरा नीट करायला लागला. एवढ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं की, केरबानं रात्रीच सगळ्या वऱ्हाडाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकलाय.

व्हिडिओत केरबा होता. डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या. त्यानं कॅमेऱ्याला हार घातला. एका रिकाम्या खुर्चीभोवती सात फेरे मारले. मग घाम पुसून म्हणाला, "काही शंका असल्यास मी वर्गात आहे."

मामांचे कान लाल झाले. पण सुगंधानं शालू खोचला. "भटजी, मुहूर्ताला किती वेळ आहे?"

"आहे थोडा."

"पुरे. चला."

अख्खं वऱ्हाड टेम्पोत बसून कॉलेजवर आलं. सुट्टीचा दिवस. वर्ग रिकामा. आणि पुढं खुर्चीत मुंडावळ्या बांधून केरबा निवांत बसलेला. एवढी माणसं दारात बघून त्याला वाटलं, बऱ्याच जणांना शंका आलेली दिसतेय.

"थांबा!" तो म्हणाला. "आधी सगळ्यांचे आवाज बंद. ज्याला बोलायचंय त्यानं हात वर करायचा."

वाजंत्री गपकन थांबली. मामांचं तोंड उघडंच राहिलं. पण सुगंधा थांबली नाही. सरळ आत आली आणि तिनं केरबाच्या गळ्यात हार घातला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्राचार्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या दिवसांनी या वर्गात काहीतरी नीट होत होतं.

आता एकच राहिलं होतं. भटजींनी दुसरा हार केरबापुढं धरला. "घाला. लवकर घाला. क्षणभरच उरलाय."

केरबानं हात पुढं केला नाही.

"माझा कालच घालून झालाय," तो म्हणाला. "सगळ्यांना पाठवलाय की. बघितला नाही का कुणी?"

भटजींनी घड्याळ बघितलं आणि अंतरपाटाची घडी घातली. सुगंधा मटकन पहिल्या बाकावर बसली. मागून तहसीलच्या कारकुनानं नवी टोपी डोक्यावर ठेवल्याचं सगळ्यांनी बघितलं.

तेव्हा बाबूमामांनी हात वर केला. हातात चप्पल होती.

केरबाचा चेहरा खुलला.

"बघा," तो सगळ्या वऱ्हाडाला म्हणाला, "याला म्हणतात शिस्त. विचारा मामा, काय शंका आहे?"