खऱ्याची भरपाई

“मग खरं बोलणं हे पाप कधीपासून झालं, फादर?”

बोनिफास लोपीसने हे विचारले तेव्हा फादर जेरोम फरगोज चहात खारी बुडवत होते. खारी वेळेवर बाहेर काढली नाही तर तिचा लगदा होतो, याची चिंता फादरांना प्रश्नापेक्षा अधिक आहे, असे बोनिफासला वाटले आणि त्याचा पारा चढला.

“आधी बैस.”

“मी बसायला आलेलो नाही.”

“मग उभ्याने घे चहा.”

वसईच्या किनाऱ्यावरील वृद्ध धर्मगुरूंच्या निवासाचा तो व्हरांडा. समोर सुरूची झाडे, पलीकडे ओहोटीचा समुद्र. बोनिफासने व्हरांड्यात एक फेरी मारली, खुर्ची ओढली, बसला आणि पुन्हा उठला. आठवडाभर त्याचे हेच चालले होते. ताटावर बसावे तर पहिल्या घासालाच उठे. गुडघे टेकावेत तर प्रार्थना जिभेवर येई आणि मन मात्र पास्कोल तुस्कानोच्या ओट्यावर जाऊन बसे.

धर्मशिक्षण वर्गांचा प्रमुख म्हणून पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या साऱ्या वस्तीत, बोनिफासचा दरारा होता. दहा आज्ञा कोणालाही म्हणता येतात. त्याला त्यांची पोटकलमेही मुखोद्गत होती. लहानपणी त्याला ती शिकवली होती फादर जेरोम यांनीच. आज तो त्यांच्याकडे आला होता तो निवाडा ऐकायला नव्हे, शाबासकी घ्यायला.

घडले होते ते असे.

लग्नाआधी तीन रविवार वेदीवरून वधूवरांची नावे वाचली जातात आणि धर्मगुरू विचारतात, ‘या विवाहास काही अडथळा असल्याचे कोणास ठाऊक आहे काय?’ गेल्या रविवारी इनास डाबरेची मुलगी एल्विना आणि तुस्कानोंचा रॉयस्टन यांची दुसरी घोषणा झाली. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सुटली, आणि बोनिफासने मुलाचे काका पास्कोल यांना अंगणातील क्रुसाजवळ बाजूला घेऊन सांगितले, की वधूचा बाप तरुणपणी वर्षभर वेड्यांच्या इस्पितळात होता.

दिवेलागणीपर्यंत ‘लग्न तूर्त थांबवा’ असा निरोप डाबरेंच्या घरी पोचला होता.

“परवा तिसरी घोषणा,” बोनिफास म्हणाला, “आणि लोक माझ्याकडे असे पाहतात, जणू मीच कोणाच्या वाडीतले केळीचे लोंगर तोडले. मला पापनिवेदन करायचं आहे, फादर. पाप घडलेलं नाही. पण मनात किंतु नको.”

फादरांनी कप खाली ठेवला. खिशातून पापनिवेदन ऐकताना घालायचा जांभळा पट्टा, स्टोल, काढला, त्याचे चुंबन घेतले आणि तो गळ्यात घातला. बोनिफासने गुडघे टेकले.

तो बोलू लागला. इनासला पहिला झटका केव्हा आला, त्याने भांडी कशी फेकली, बायकोने शेजाऱ्यांना काय थापा मारल्या, इस्पितळातून परतल्यावर ‘गल्फला गेले होते’ असे कसे पसरवले, आणि आता मुलीचे लग्न जमवतानाही तुस्कानोंच्या वडीलधाऱ्यांना कसे अंधारात ठेवले... सारे त्याने क्रमवार आणि एकही तपशील न गाळता सांगितले.

दम घेण्यासाठी तो थांबला, तेव्हा फादरांनी आशीर्वादाचा हात उंचावला.

“इनासला क्षमा झाली. आता तू बोल.”

बोनिफासच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

“माझी थट्टा करता, फादर?”

“अरे, एवढा वेळ एकट्या इनासचीच पापं ऐकली मी. तीही पापं नव्हेत, आजारपण.” फादरांनी स्टोल उतरवून त्याची घडी घातली. “हे निवेदन नव्हे, पंचनामा आहे. ऊठ. खुर्चीवर बैस, पुढचं साधंच बोलू. चालेल?”

“चालेल,” बोनिफास म्हणाला. पण बसला नाही.

“आठवी आज्ञा मुलांना कशी शिकवतोस?”

बोनिफासचा कणा आपोआप ताठ झाला. “‘खोटी साक्ष देऊ नकोस.’ हिचा भंग मुख्यत्वे दोन प्रकारे होतो. एक, दुसऱ्यावर खोटा आळ घेणे. दोन, रास्त कारणावाचून दुसऱ्याचे खरे उणे उघडे करणे.”

“आणि?”

“दोन्हींत, गेलेल्या नावाची भरपाई करणे बंधनकारक.”

“पैकीच्या पैकी.”

“पण मला रास्त कारण होतं! घोषणा स्पष्ट विचारते, कोणास ठाऊक आहे काय? मला ठाऊक होतं.”

“ठाऊक असेल त्याने कोणाला कळवायचं?”

“...पॅरिशच्या फादरांना.”

“तू कोणाला कळवलंस?”

सुरूंतून वारा गेला. बोनिफासने खिशातून रुमाल काढला आणि कोरडाच चेहरा पुसला.

“वधूच्या बापाचं आजारपण अडथळ्यांत मोडतं का रे?”

“नाही.” चुकीचे उत्तर देणे त्याला कधी जमलेच नव्हते. “परंतु काळ बदलला, फादर. हल्ली लग्नाआधी लोक रक्त तपासून घेतात. घराण्यात काय आहे, हे जाणून घेण्याचा मुलाला हक्क नाही?”

“आहे की. मग, मुलाला सांगितलंस?”

“...काकांना सांगितलं.”

“काका लग्न करणार आहेत?”

बोनिफासने व्हरांड्यात आणखी एक फेरी मारली.

“रॉयस्टन काल येऊन गेला,” फादर म्हणाले. “हे तुझ्या कानावर घालू का, असं त्याला विचारूनच ठेवलं मी. एल्विनाने त्याला पहिल्या भेटीतच सारं सांगितलं होतं. इनासच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला तोच आणून देतो. ठाऊक नव्हतं ते फक्त काकांना.”

“मग झालं तर! मुलगा तयार असेल तर काका काय...”

“मुलगा तयार आहे. मुलगी नाही.”

“म्हणजे?”

“ज्या उंबऱ्यावर माझ्या बापाला मान खाली घालून यावं लागेल, तो उंबरा मी ओलांडणार नाही, म्हणते. परवाची घोषणा वाचू नका, असं सांगायला उद्या सकाळी ती चर्चमध्ये जाणार आहे. आणि इनास परसातल्या विहिरीकडे पाठ करून बसलाय. जेवत नाही, बोलत नाही. बायको त्याला एकटं सोडत नाही.”

बोनिफासने कठड्याला धरले. इतका वेळ त्याला वाटत होते की अस्वस्थपणा बाहेरून, लोकांच्या नजरांतून येतो आहे. आता तो आतूनच येऊ लागला.

“तुला कसं कळलं होतं हे सारं?” फादरांनी विचारले.

“मीच नेलं होतं त्याला. युवक संघात होतो ना मी तेव्हा. टॅक्सीच्या मागच्या सीटवर त्याचे दोन्ही हात धरून बसलो होतो.”

“कोर्नेल काय म्हणाली होती?”

कोर्नेल म्हणजे इनासची बायको. बोनिफासला ती आठवली. टॅक्सीच्या खिडकीशी, पदराचा बोळा तोंडात धरलेली.

“म्हणाली, बोनिफासभाऊ, हे तुमच्याजवळच राहू द्या.”

“आणि तू?”

“हो म्हणालो... क्रुसावर हात ठेवून.”

“मग का सांगितलंस?”

या प्रश्नाची सहा उत्तरे तो घरून तयार करून आला होता. सहाही व्याकरणशुद्ध होती. तोंडातून बाहेर पडले ते सातवेच.

“प्रश्न विचारला गेला, फादर,” तो शेवटी हळू आवाजात म्हणाला, “आणि सबंध चर्चमध्ये उत्तर एकट्या मला येत होतं.”

फादर हसले नाहीत. त्यांनी किटलीतला उरलेला चहा दुसऱ्या कपात ओतला आणि तो कप बोनिफासकडे सरकवला. बोनिफासने तो उचलला, ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला.

“मी पास्कोलकडे जातो. आत्ता जातो. सांगतो त्यांना.”

“काय सांगशील?”

“सांगेन की... माझं चुकलं.”

“काय चुकलं? खोटं बोललास?”

“खोटं कसं म्हणू? खरंच होतं ते!”

“तिथेच तर घोडं अडलंय. खोटं बोलला असतास तर किती सोपं होतं. ‘खोटं बोललो’ म्हणायचं, दोन शिव्या खायच्या, इनासचं नाव पुन्हा जिथल्या तिथे. खोटं परत घेता येतं, बोनिफास. खरं कसं परत घेशील?”

बोनिफास उभाच राहिला. पोटकलमांच्या साऱ्या ओळी त्याने मनातल्या मनात चाळून पाहिल्या. भरपाई बंधनकारक, इथपर्यंत सारे ठळक होते. त्यापुढे त्याने मुलांना काहीच शिकवले नव्हते.

“मग भरपाई करायची कशी?”

फादर समुद्राकडे पाहत होते.

“फादर, मी विचारतोय.”

...

“बोला ना! हे असं गप्प बसणं तुम्हाला बरं जमतं. आयुष्यभर गप्पच बसलात तुम्ही. माझ्या आईच्या वेळीही...”

शब्द तोंडातून निसटला आणि बोनिफासने ओठ घट्ट मिटले. उशीर झाला होता.

“तुझ्या आईला वात होता,” फादर शांतपणे म्हणाले, “असं मी गावात ऐकलं होतं.”

गावाने ऐकले होते तेच. लोपीसांच्या म्हातारीला वात आहे, चालवत नाही, म्हणून ती चर्चला येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर जेरोम तिच्यासाठी ख्रिस्तशरीराचा प्रसाद घेऊन सायकलवरून येत. बोनिफास दारात मेणबत्ती पेटवून उभा राही आणि त्यांना मागच्या खोलीकडे नेई. त्या खोलीला कडी बाहेरून होती. कडी काढली की आतून आई कधी गाणे म्हणे, कधी ओरडे, कधी फादरांच्या अंगावर थुंके. फादर थुंकी पुसत, तिच्या कपाळावर क्रुसाची खूण करत, आणि जाताना ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्यांना सांगत, ‘म्हातारीने तुमची आठवण काढली हो.’ ते खरेच असे. ती सगळ्यांची नावे घेऊन ओरडत असे.

“वात नव्हता,” बोनिफास म्हणाला.

हे वाक्य त्याने आजवर घराबाहेर उच्चारले नव्हते. ते ऐकून त्याचे त्यालाच कसेसे झाले.

“माझी घोषणा तुम्हीच वाचलीत, फादर. तिन्ही रविवारी. मी पुढच्या बाकावर होतो. ‘कोणास ठाऊक आहे काय’ विचारलंत आणि... थांबलात.”

“थांबावं लागतं. रिवाज आहे तो.”

“सासुरवाडीची मंडळी माझ्या मागेच बसली होती. माझ्या शर्टाची पाठ भिजली होती घामाने. सबंध चर्चमध्ये उत्तर तुम्हाला येत होतं.”

 फादरांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. मानही हलवली नाही.

बोनिफास खुर्चीवर बसला. या वेळी तो लगेच उठला नाही.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बायकोने ती कडी स्वतः काढली होती. ‘एवढंच होतं तर आधी सांगायचं ना,’ इतकेच ती म्हणाली होती. पुढे सासू जाईपर्यंत तिला न्हाऊमाखू घातले ते तिनेच. बायको गेल्या वर्षी वारली, तेव्हा मयताला आलेल्या इनासने शवपेटीला खांदा दिला होता, आणि बोनिफासच्या कानात म्हणाला होता, ‘भाऊ, झोप लागत नसेल तर सांगा. लाज बाळगू नका.’ लाज वाटली होती; म्हणून बोनिफासने त्याला काही सांगितले नव्हते.

“पास्कोलकडे जातो,” तो पुन्हा म्हणाला. आवाज आता निराळा होता. “इनासचं काही बोलत नाही. आईचं सांगतो. म्हणतो, तुस्कानोबाब, ज्या बोनिफासच्या शब्दावर तुम्ही लग्न थांबवलंत, त्याच्या घरीही हेच होतं, आणि त्याने ते सासऱ्यांपासूनच नव्हे, बायकोपासूनही लपवलं. डाबरेंच्या मुलीने तर होणाऱ्या नवऱ्याला आधी सांगितलं. आता दोघांत बरं घर कोणाचं, ते तुम्हीच ठरवा.”

फादर ऐकत होते. बोनिफासने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. शाबासकी तिथे नव्हती, दूषणही नव्हते.

तो उठला, पायऱ्यांपर्यंत गेला आणि थबकला. जुनी तगमग पुन्हा पायांत उतरली.

“पण फादर... आमच्या मुलीला, सेलीनला, पाहायला पुढच्या महिन्यात माणसं यायची आहेत. आजीचं सांगू नका, असं ती म्हणणार नाही, मी ओळखतो तिला. लहानपणी तिच्याजवळच निजायची ती. तरीपण... पास्कोलच्या ओट्यावर बोललेलं काय ओट्यावर राहतं? उद्या गाव आम्हाला नावं ठेवील.”

“ठेवील.”

“आणि डाबरेंना?”

फादर जेरोम यांनी खारीचा शेवटचा तुकडा कठड्यावरच्या कावळ्यासाठी ठेवला आणि हात झटकले.

“गाव एका वेळी एकाच घराला नावं ठेवतं, बोनिफास.”