राजाच्या दरबारात बोललेली ऊ

तने, खाजवू नकोस गं. तेल चोपडलंय चांगलं, आता त्यांचं काही खरं नाही. आणि विभ्या, तू दात काढू नकोस, उद्या तुझं डोकं धरणार आहे मी. या दोघं पांघरुणात. सांगते.

एक राजा होता आणि त्याला काहीच कळत नव्हतं. राजालाच कळत नाही म्हणजे मोठी पंचाईत, बरं का. कारण इतरांना कळलं तरी त्याला सांगायची कुणाची छाती होत नाही.

त्याची एक लेक होती, शेवंता. केस गुडघ्यापर्यंत. आणि त्या राजवाड्यात एक रीत होती. राजाच्या घरातल्या कुणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही. आईनंसुद्धा नाही. दासी हातभर लांब दांड्याची फणी घेऊन दूर उभी राहायची आणि तिथून केस विंचरायची. वेणी कशी घालायची म्हणतोस? मला काय ठाऊक, घालायची कशीतरी!

पण मुलांना कुठली आलीय रीत? माळ्याची लेक रंगू ही शेवंताची मैत्रीण. दुपारी सगळी मोठी माणसं झोपली की दोघी जाईच्या मांडवाखाली बसायच्या, डोक्याला डोकं लावून. काय कुजबुजायच्या ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

तर एकदा काय झालं, शेवंताचं डोकं खाजायला लागलं. जेवताना खाजवतेय, खेळताना खाजवतेय, झोपेत खाजवतेय. राजानं विचारलं, "काय होतंय गं?"

"कुणीतरी चालतंय, आबासाहेब."

"कुठं?"

"डोक्यात."

राजानं तिच्या मागं पाहिलं, पडद्याआड पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. कुणीच चालत नव्हतं. राजा गोंधळला.

मग वैद्य आला. हात तर लावायचा नाही! त्यानं दारातूनच डोळे बारीक केले आणि म्हणाला, "उष्णता आहे." मग लांब दांड्याच्या पळीनं डोक्यावर थंडगार चंदन थापलं. आतल्या मंडळींना ऐन उन्हाळ्यात गारवा मिळाला. ती खूश झाली आणि खाज दुप्पट झाली.

मग जोशी आला... थांबा, आधी जोशी की आधी वैद्य? आधी वैद्यच. मग जोशी आला. म्हणाला, "दृष्ट लागलीय." मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सगळा राजवाडा ठसकायला लागला. शेवंता ठसकत होती आणि खाजवतही होती.

मग प्रधान पुढं आला. म्हणाला, "महाराज, माळ्याची ती पोर येते ना, तिचंच हे काहीतरी आहे."

राजाला ते पटलं. कळलं नाही हं, नुसतं पटलं. त्यानं हुकूम सोडला, रंगूनं राजवाड्यात पाऊल टाकायचं नाही. आणि तरीही खाज थांबली नाही, तर माळ्यानं बायकोपोरीला घेऊन राज्याबाहेर जायचं. मला विचाराल तर त्या प्रधानाला... जाऊ दे, झोपताना नको.

रंगू घरात बसून रडली, शेवंता महालात बसून रडली. खाज थांबली का? छे! उलट पसरली. राणीच्या अंबाड्यात गेली, दासींच्या वेण्यांत गेली, प्रधानाच्या पगडीखाली गेली. आता भर दरबारात राजासमोर डोकं कसं खाजवायचं? मग प्रधान हळूच खांबाला डोकं घासायचा.

राजा विचारायचा, "प्रधानजी, खांबाशी काय बोलताय?"

"काही नाही, महाराज. खांब मजबूत आहे ना, ते बघतोय."

राजाच्या मुकुटाखालीसुद्धा वळवळत होतं. पण त्याला वाटायचं, आपण फार विचार करतोय, त्यामुळं होत असेल.

शेवटी तो म्हणाला, "रंगू तर बाहेर आहे. मग खाज आत कशी?" तेव्हा गोंधळलेली माणसं करतात तेच त्यानं केलं, आधीची चूक आणखी मोठी केली. म्हणाला, "माळ्याला आजच्या आज घालवा."

फाटकाशी बैलगाडी उभी राहिली. गाडीत भांडी चढली, गाठोडी चढली, गाठोड्यांवर रंगू बसली. ते खिडकीतून शेवंतानं पाहिलं मात्र, धावतच ती दरबारात शिरली. "माझ्या रंगूला नका ना घालवू, आबासाहेब! नका ना!" म्हणून तिनं मान अशी जोरजोरात हलवली की सगळे केस सुटले. आणि केसांतून काहीतरी टपकन राजाच्या तळहातावर पडलं.

ती होती एक ऊ. चांगली म्हातारी, गलेलठ्ठ. आणि ती बोलली. तेव्हा बोलायच्या, बरं का.

राजानं विचारलं, "तू कोण?"

"मी ऊ, महाराज."

"कुठून आलीस? त्या रंगूच्या डोक्यातून ना?"

ऊ विचारात पडली. "नक्की नाही सांगता यायचं. रंगूच्या डोक्यात होते खरी. त्याआधी शेवंताच्या होते. त्याआधी तुमच्या. का तुमच्या आधी प्रधानांच्या? आत काळोख असतो हो, माझाही गोंधळ होतो."

"माझ्या डोक्यात?" राजा ओरडला. "आमच्या डोक्याला तर कुणी हातही लावत नाही!"

"हात नाही लावत. पण रोज संध्याकाळी लेकीशी टक्कर टक्कर खेळता ना? तेवढं आम्हाला पुरतं."

मग राणी उठली. ती होती लहानशा गावातली, चार बहिणींत वाढलेली. तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. राजवाड्यात उवा म्हटल्यावर लोक काय म्हणतील, म्हणून मी तोंड उघडलं नाही. आणि आळ आला त्या लेकरावर." मग तिनं पदर खोचला. "ती गाडी थांबवा. खोबरेल तेल आणा. दाट दातांच्या फण्या आणा, आखूड. आणि एकट्या शेवंताचं बघून भागणार नाही. सगळ्यांची डोकी आजच बघायची. एक जरी राहिलं तरी पुन्हा सगळ्यांना होतील."

मग अंगणात उन्हाला एकामागे एक रांगच बसली. सगळ्यांत मागं माळीण, ती राणीचं डोकं बघतेय. राणी शेवंताचं बघतेय, शेवंता रंगूचं बघतेय. आणि रंगूच्या पुढं कोण? राजा! मुकुट बाजूला ठेवून, मांडी घालून.

रंगूचा हात पुढं होईना. राजाच्या डोक्याला हात लावायचा म्हणजे काय!

राजा मागं वळला. म्हणाला, "बाळ, तुझ्यावर उगाच आळ घेतला मी. चुकलो. आता माझं डोकं बघ, नीट बघ." आणि त्यानं तिच्यापुढं मान खाली घातली. रंगूनं फणी घातली, तर पहिल्याच हाताला सात-आठ निघाल्या. राजाच्या पुढं प्रधान बसला होता. त्याचं डोकं राजानं स्वतः विंचरलं, आणि चांगलं खसाखसा विंचरलं.

ती बोलणारी ऊ? काय माहीत, तने. गडबडीत ती राजाच्या हातून निसटली. आणि फणीतून निघाल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात. बोलणारी कुठली आणि मुकी कुठली, कोण ओळखणार?

लिखा मागं राहतात ना, म्हणून पुढंही अधूनमधून ती रांग बसत राहिली. हळूहळू खाज गेली. मग एका दुपारी राजा बागेतून चालला होता. बघतो तर जाईच्या मांडवाखाली शेवंता आणि रंगू, पुन्हा डोक्याला डोकं लावून कुजबुजतायत.

प्रधान घाबरला. "महाराज, आवरा त्यांना! पुन्हा होतील!"

राजानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. किती दिवसांनी लेक हसत होती त्याची.

"झाल्या तर झाल्या," तो म्हणाला. "पुन्हा विंचरू."

मग ती सगळी माणसं सुखानं राहिली, मधूनमधून डोकं खाजवत. चला, मिटा डोळे आता. विभ्या, इतका लांब काय झोपलास? सरक तिच्याजवळ, पांघरूण पुरत नाहीये तुला.