कड्यावरची जोडी

“मग काय बुवा, हिला अशीच तळमळत ठेवायची?”

दिगंबर डॉक्टरचा आवाज चढला. बुवांचा लाडका शिष्य, गुरांचा डॉक्टर, आणि अख्ख्या खोऱ्यात आपल्याइतका कनवाळू कोणी नाही अशी त्याची पक्की खात्री. समोर मठाची मोरी गाय कातळावर पडली होती. उतारावरून घसरून कंबर मोडलेली. ती काही वाचत नव्हती, हे दोघांनाही कळत होतं.

त्याने पिशवीतून बाटली काढली. माणसांच्या दुखण्यावरचं इंजेक्शन.

“गुरांना द्यायला बंदी आहे, ठाऊक आहे मला. पण दुसरं औषध संपलंय. टोचलं की शांत होईल बिचारी.”

बुवांनी नुसतं समोरच्या कड्याकडे पाहिलं.

काय गिधाडं असायची तिथे एके काळी! दिगंबरने वर्षानुवर्षं गावोगावच्या गुरांना हेच औषध टोचलं. ती गुरं मेली की गिधाडं खायची, आणि पटापट मरून पडायची. दोष औषधाचा आहे हे शास्त्रज्ञांनी शोधून काढलं, तोवर कडा ओस पडला होता. मग मेलेली ढोरं कुत्र्यांच्या वाट्याला आली. कुत्री वाढली, पिसाळली. खालच्या वाडीतली एवढीशी कुसुम त्यातच गेली.

यंदा कुठूनशी गिधाडांची एक जोडी परत आली होती.

“मेली की पुरून टाकू हिला, गिधाडांना नाही मिळणार,” दिगंबर म्हणाला.

“या कातळात खणणार कुठे?”

दिगंबरने पायाखालचा कातळ टाचेने ठोकून पाहिला.

मोरीने मान उचलायचा प्रयत्न केला. हंबरडा घशातच अडकला.

“मी दयाच करतोय ना, बुवा? तेव्हाही दयाच केली होती!”

“हो.”

“मग माझं चुकलं कुठे?”



दिगंबरने घाईघाईने सुई भरली. “मला नाही बघवत हे!”

बुवांनी ती सुई त्याच्या हातातून हळूच काढून घेतली. मग त्याचा तोच हात धरला आणि गाईच्या मानेवर ठेवला.

मान थरथरत होती. दिगंबरला भडभडून आलं. आजवर सुई टोचली की तो पिशवी उचलून निघून जायचा. जनावराची ही तडफड हाताखाली त्याला कधी जाणवलीच नव्हती.

कड्यावरून एक गिधाड उठलं आणि घिरट्या घालू लागलं.

“बुवा… किती वेळ लागेल हो?”

“हात काढू नकोस.”