तिसरी सुई

“मग माझा सुदाम जित्ता हाय म्हनायचा?”

कोंडाबाईनं हे विचारलं तेव्हा सुई अजून पुरुषोत्तमाच्या हातातच होती.

नदीतून वाहत आलेल्या, वाटेवर पडलेल्या बेवारस माणसांना आमचा मठ अग्नी देतो. पूर्वी मठाचे महाराज विश्वंभरबुवा त्यांच्या खुणा वहीत लिहून ठेवत. पुरुषोत्तम शहरातल्या वाचनालयातून इथे आला, बुवांचा शिष्य झाला आणि त्यानं वही बंद केली. आता माणसामागे एक कार्ड, कार्डाच्या कडेला ओळीनं छिद्रं. एका छिद्राला एक खूण. खूण असली तर छिद्र कडेपर्यंत कापायचं, नसली तर तसंच ठेवायचं. हव्या त्या खुणेच्या छिद्रातून, सगळ्या गठ्ठ्यातून लांब सुई घालून हलवलं की कापलेली कार्डं खाली पडतात, बाकीची लटकून राहतात.

“हो किंवा नाही. मधलं काही नाही,” असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. भारी तोरा. मला त्याचा रागच यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या दुपारी कोंडाबाईनं हरवलेल्या मुलाच्या खुणा सांगितल्या आणि त्यानं पहिली सुई घातली, पुरुषांची. दुसरी, डावा पाय अधू असलेल्यांची. दोन कार्डं पडली. त्या दोघांत तिसरी घातली, मनगटावर गोंदण असलेल्यांची.

दोन्ही लटकून राहिली.

“तो यांच्यात नाही, माई,” पुरुषोत्तम म्हणाला.

म्हातारी आनंदानं रडायलाच लागली. “चार वर्सं झाली. शेवंताला, माझ्या सुनंला, म्हायेरची न्यायला आल्यात. दुसरं लगीन लावायचं म्हनत्यात. आता न्हाई धाडत तिला. माझा ल्योक येनार हाय.”

ती पिशवी उचलून उठली.

बुवांनी हात आडवा केला.

“पुरुषोत्तमा, त्या दोघांना गोंदण नव्हतं?”

“छिद्र कापलेलं नाही, महाराज.”

“मी छिद्राचं विचारलं नाही.”

पुरुषोत्तमानं दोन्ही कार्डं सुईवरून काढून उलटली. पाठीमागच्या नोंदी त्याच्याच अक्षरात होत्या. त्यानं त्या वाचल्या.

“एकाची मनगटं कोरी होती. हा दुसरा पुरातला,” तो म्हणाला. “आठवडाभर पाण्यात होता. हातांना… कातडी राहिली नव्हती.”

“मग?”

“दिसलं नाही, म्हणून कापलं नाही.”

कोंडाबाई हळूच खाली बसली. “त्योच व्हता का, महाराज?”

“ठाऊक नाही, बाई,” बुवा म्हणाले. “आता कुणालाच कळायचं नाही.”

आम्हा कुणालाच तिच्याकडे बघवेना.

पुरुषोत्तमानं कात्री उचलली. “महाराज, हे छिद्र कापू की ठेवू?”

बुवांनी कात्री काढून घेतली आणि कोंडाबाईची पिशवी त्याच्या हातात दिली.

“हिच्याबरोबर गावाला जा. तुला काय दिसलं नाही, ते शेवंताला सांगून ये.”