पाणीदादा ‘येतो’ म्हणाला

फार जुनी गोष्ट. खाडीकाठच्या जमिनीखाली वाळूचे कण एकमेकांना टेकून राहायचे आणि त्यांच्या फटींत पाणीदादा राहायचा. एकदा भूकंप झाला. फटी आवळल्या, पाणीदादा घुसमटला आणि त्यानं जोर लावून सगळ्यांना दूर लोटलं. वरचा माड कलंडू लागला.

“दादा, आम्हाला एकमेकांचा हात लागेना!” कण रडले.

“मी निघाल्याशिवाय लागायचा नाही,” तो म्हणाला. ‘जातो’ म्हणू नये, म्हणून भेगेतून वर जाताना “येतो” म्हणाला.

कण खाली बसले, घट्ट बिलगले. माड कलंडायचा थांबला.

“येतो म्हणालाय,” असं एकमेकांना सांगत कण वाटेकडे डोळे लावून बसले.

पाणीदादा खरंच आला. “ये ना, ये!” म्हणत सगळे सरकू लागले, पण सरकायला कुणाकडेच जागा उरली नव्हती.