विरजणाची रिकामी वाटी

एकदा नदीकाठच्या एका मठात, एकादशीच्या संध्याकाळी, वृद्ध महाराज आणि त्यांचा शिष्य दुसऱ्या दिवशीच्या पारण्याची तयारी करीत होते. शिष्य घरोघरी आमंत्रण देऊन नुकताच परतला होता.

"सगळे येणार," तो म्हणाला. "फक्त पाणंदीपलीकडे ती परगावची बाई एक गाय घेऊन एकटी राहते ना, ती नाही. मागे प्रसाद नेला तर तोही उंबऱ्याबाहेरूनच घेतला. आता बोचकं बांधून बसलीय, उद्या गाव सोडते म्हणाली. तिला माणसांची गरजच नाही, महाराज."

"ती गरज तू मोजलीस कशी?"

"बोलावलं की नको म्हणते. आणखी काय मोजायचं?"

महाराजांनी एक रिकामी वाटी त्याच्या हाती ठेवली. "जा, तिच्याकडून विरजण घेऊन ये."

शिष्याने वर बोट दाखवलं. "आपल्या शिंकाळ्यात मडकंभर दही आहे की. आणि नैवेद्याच्या दह्याला तिच्या घरचं?"

"का? तिची गाय गवत खात नाही?"

शिष्य गेला, तो बऱ्याच वेळाने परतला. त्याच्या हातात वाटी होती, पण दुसरीच. लख्ख पितळेची, केळीच्या पानाने झाकलेली.

"देवाचं विरजण असल्या साध्या वाटीतून नको म्हणाली. तिची चांगली वाटी बोचक्यात होती, त्यासाठी गाठ सोडली. दूध कोमट असतानाच लावा, हे तर मला दोनदा बजावलं." त्याने वाटी जपून खाली ठेवली. "महाराज, ती बोलते की छान."

महाराज शांतपणे म्हणाले, "बाळा, तू दर वेळी भरल्या हातांनी गेलास. घेणारा माणूस संकोचतो, पाहुणाच राहतो. आपल्यावाचून कुणाचं अडलंय हे कळलं, की आपणही इथलेच, असं त्याला वाटू लागतं. तिची ओढ मोजायची, तर काहीतरी मागायला हवं होतं."

सकाळी पंगतीआधीच ती बाई दारात उभी होती. "लागलं का हो दही?"

"तुम्हीच बघा," महाराज म्हणाले.

तिने मडक्यात डोकावून पाहिलं आणि पदर खोचला. दहीभात तिनेच वाढला. शिष्याच्या पानाशी येताच त्याने हळूच विचारलं, "आज निघणार होतात ना?"

"आणि पुढच्या द्वादशीला विरजण कुणाचं लावाल?" ती म्हणाली, आणि त्याला आणखी एक डाव वाढला.

आपल्याही आळीत कुणी सारखं 'नको, नको' म्हणत असेल, तर एकदा रिकामी वाटी घेऊन त्यांच्या दारी जाऊन पाहावं.