नाकाड्या राजाची केळी

फार पूर्वी, उष्ण समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर नाकाड्या नावाचं माकड राज्य करत होतं. एकदा तिथं जमिनीतून तेल उसळलं. राजानं दवंडी पिटली, “आता कुणी राबायचं नाही! तेल विकू आणि केळी जहाजानं मागवू.” सगळ्यांनी आपापल्या बागा मोडल्या. फक्त म्हातारी भागी कासवीण आपली केळीची बाग खणत राहिली.

एकदा वादळात जहाज अडकलं. भुकेला राजा भागीकडे धावला.

“आजी, केळी दे!”

“देते की. पण आधी थोडं खणून द्या, महाराज,” म्हणत तिनं कुदळ पुढे केली.

राजानं कुदळ हुंगली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, “ही कुठून सोलायची?”

भागी इतकी हसली, की पाठीवर उलटी पडली. तिला सरळ करता करता राजाला कित्येक वर्षांनी घाम फुटला.